दोन मोरिता आणि आंब्याचा खोका

बेल वाजली आणि आतल्या खोलीतली गिटार थांबली. आमच्याकडे हे रोजचंच. दूधवाला असो, कुरिअरवाला असो की सख्खा मामा, दारात कुणी आलं की लेकीची बोटं तारांवरून उठतात आणि पाहुणा जिना उतरून जाईपर्यंत परत टेकत नाहीत. लेक सतरा वर्षांची आहे. चार वर्षं गिटार वाजवतेय, दार लावून, रोज तीन-तीन तास. तिचं वाजवणं मी भिंतीपलीकडूनच ऐकलंय.

दारात दादा होता. खांद्याला बेंजोची लांबट पेटी, रेनकोटावरून पाणी निथळतंय. दादा जुन्या पनवेलात राहतो. नोकरी सांभाळून तीसेक वर्षं बेंजो पार्टीत वाजवतोय. हळद, वरात, गोविंदा, गणपती. पनवेल-उरणकडच्या गावांत बेंजो वाजल्याशिवाय हळद लागल्यासारखी वाटत नाही. गणपती तीन आठवड्यांवर आले होते, पार्टीतला कीबोर्डवाला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला होता आणि दादानं मनाशी ठरवलं होतं की यंदा भाचीनं गिटार घेऊन गाडीवर उभं राहायचं. मी त्याला म्हटलं होतं, आधी एक जपानी मालिका बघ, मग बोलू.

मालिका म्हणजे ‘बोच्ची द रॉक!’. आकी हामाजी यांच्या चार-चार चौकटींच्या चित्रकथेवरून केलेली, केइइचिरो साइतो यांनी दिग्दर्शित केलेली ही बारा भागांची अॅनिमे मालिका २०२२च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात जपानी टीव्हीवर लागली. नायिका हितोरी गोतो. हितोरी म्हणजे एकटी. बोलायला इतकी घाबरते की शाळेत एकही मैत्रीण नाही. टीव्हीवर एका वादकाची मुलाखत बघते, तोही म्हणे एकलकोंडाच होता, म्हणून वडिलांची काळी गिटार मागून घेते आणि तीन वर्षं रोज सहा-सहा तास भिंतीतल्या कपाटात बसून वाजवते. ‘गिटारहीरो’ या नावानं व्हिडिओ टाकते, हजारो लोक ऐकतात, पण तिचं खरं नाव कुणाला माहीत नसतं. एके दिवशी बागेतल्या झोक्यावर बसलेली असताना निजिका नावाची मुलगी पाठीवरची गिटार पाहून धावत येते: आमचा कार्यक्रम आज आहे, गिटारवाली पळून गेलीय, येतेस का?

लेकीनं हे सगळं किती वेळा पाहिलंय त्याची गणती नाही. मी तिच्यासाठी म्हणून एकदा पाहिलं, आणि मग माझ्यासाठी म्हणून एकदा. दादानं चार रात्रींत संपवलं. चहा झाला, गॅलरीत बसलो. त्या संध्याकाळचं बोलणं आठवतं तसं इथे लिहिते आहे.

दादा : बघितलं बाई. बाराच्या बारा भाग. पोरगी गोड आहे, पण माझं मत काही बदललं नाही. उलट पक्कं झालं. कपाटात बसून तीन वर्षं वाजवलं, काय झालं? काही नाही. कुणीतरी हाताला धरून ओढत नेलं, तेव्हा झालं. मी तेच म्हणतोय. ओढून न्यायला पाहिजे.

मी : ओढून नेलं असं तुला दिसलं? मला वेगळंच दिसलं. निजिकानं विचारलं. आणि आत नेल्यावर हितोरी म्हणाली की मला जमणार नाही, तेव्हा तिच्यासाठी आंब्याचा खोका आणला.

दादा : हो, तो खोका! पुठ्ठ्याचा, वर ‘पिकलेले आंबे’ असं लिहिलेला. त्यात बसून वाजवते. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हापूसचे असे खोके रचलेले असतात, माळ्यावर जुनी भांडी ठेवायला कामाला येतात. त्यात पोर बसवायची? लोकांसमोर? अगं, तो तिचा अपमान झाला. आणि नाव काय ठेवलं, तर बोच्ची. म्हणजे एकलकोंडी. हे काय मैत्रिणींनी ठेवायचं नाव आहे?

मी : तू आपल्या पोरीला घुमी म्हणतोस.

दादा : ते मी प्रेमानं म्हणतो.

मी : तिला ते प्रेमाचं वाटतं का, हे तू कधी विचारलंयस? मालिकेत हितोरी त्या नावानं हरखून जाते, कारण तिला आजवर कुणी टोपणनावच ठेवलेलं नव्हतं. तू म्हणतोस तेही बरोबर आहे, नाव चांगलं नाही. पण पुढे बघ. किता, त्यांच्यातली गाणारी, तिला आधी आडनावानं हाक मारते, गोतो-सान. बाराव्या भागात, शाळेतल्या कार्यक्रमानंतर, किता पहिल्यांदा तिला हितोरी-चान म्हणते. आडनाव नाही, नाव. मला तर सबंध मालिकेतली मैत्री त्या एका हाकेत ऐकू आली.

दादा : ते माझ्या ध्यानात नाही आलं. बरं, ते राहू दे. मला सांग, ही भीती म्हणजे आजार आहे का? आपल्या लहानपणी लाजाळू मुलं असायचीच. पाहुणे आले की आईच्या पदराआड. वाढली, लग्नं झाली, संसार केले.

मी : केले खरे. पण त्यातल्या किती जणांनी काय काय सोडून दिलं ते कुणी मोजलं नाही. लाजणं वेगळं आणि हे वेगळं. लाजरं माणूस थोड्या वेळानं रुळतं. इथे आठ दिवस आधीपासून पोटात गोळा येतो, आणि नंतर महिनाभर आपण काय बोललो, कसे दिसलो याची उजळणी चालते. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या आजारांच्या सूचीत याची स्वतंत्र नोंद केली. जपानात तर त्याच्या कितीतरी आधीपासून याला नाव आहे. गेल्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे ना?

दादाला माहीत होतं, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते. लेक तेव्हा गिटारच्या एका क्लासला जायची. वार्षिक कार्यक्रमात तिचं नाव पुकारलं. ती विंगेत उभी होती, गिटार गळ्यात, सूर जुळवलेला. तीनदा नाव पुकारलं आणि तिचे पाय हलले नाहीत. तेव्हा शिकवणाऱ्यांनी माइकवरून सांगितलं की काही मुलांना नुसती हौस असते, मेहनत नको असते. मी प्रेक्षकांत चौथ्या रांगेत होते. तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं चामड्यासारखी कडक झालेली मी रोज बघते. मेहनत नको असते! त्यानंतर ती क्लासला गेली नाही. मीही जा म्हटलं नाही.

दादा : तिथे मी असतो तर हाताला धरून स्टेजवर नेली असती. पाच मिनिटं रडली असती, मग वाजवलं असतं. भीती जाते ती तोंड दिल्यानंच. आणि हे तूच मला सांगितलंयस. तो तुझा अमेरिकन, काय नाव त्याचं, बागेत बायकांशी बोलणारा?

मी : अल्बर्ट एलिस.

दादा : तोच. एकोणीस वर्षांचा पोरगा, मुलींशी बोलायची भीती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बसला आणि बाकावर एकटी बसलेली दिसेल तिच्याशी बोलला. शंभरावर बायका. भेटायला यायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण भीती गेली. आपल्या कि. मो. फडक्यांनी त्याची ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात आणली, त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, हे सगळं तूच या गॅलरीत बसून सांगितलंस. आता तोच माणूस माझ्या बाजूनं साक्ष देतोय.

मी : देतोय, अर्धी. एलिसला बागेत कुणी ढकललं नव्हतं. त्यानं स्वतः ठरवलं, स्वतःच्या पायांनी गेला, आणि कुठल्या बाकावर बसायचं तेही त्याचं तोच ठरवत होता. तू म्हणतोस ते ओढणं आणि हे जाणं यात फरक आहे, दादा. भीतीला तोंड द्यावं लागतं, यावर आपलं भांडणच नाही. किती द्यायचं, कधी, आणि कुणाच्या सांगण्यावरून, भांडण तिथे आहे.

दादा : मग कितानं काय केलं? हितोरीनं शाळेच्या कार्यक्रमाचा फॉर्म भरला, घाबरली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. कितानं तो उचलून परस्पर नेऊन दिला. विचारलं नाही, काही नाही. आणि झाला की नाही कार्यक्रम? वाजवलं की नाही पोरीनं?

या मुद्द्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तो फॉर्म पाहताना मलाही खटकलं होतं. माझ्या लेकीच्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर मी भांडायला गेले असते. मी उठून आतून पाण्याचा तांब्या आणला. दादा वाट बघत होता.

मी : चुकलं तिचं. तिलाही ते कळतं, ती नंतर हितोरीजवळ कबूल करते की टाकलेला फॉर्म आहे हे माहीत असून मी दिला, माफ कर. पण तू पुढचं विसरतोस. ऐन कार्यक्रमात हितोरीच्या गिटारची तार तुटते, आणखी एका तारेची खुंटी बिघडते, आणि पुढचा तुकडा तिनं एकटीनं वाजवायचा असतो. तेव्हा कोण सावरतं? किता. जिला सहा महिन्यांपूर्वी गिटार धरता येत नव्हती, जी कार्यक्रमाच्या दिवशी पळून गेली होती, ती किता आपल्या गिटारवर तो भाग लांबवत राहते, हितोरीला उसंत मिळेपर्यंत. मग हितोरी जमिनीवरचा साकेचा काचेचा पेला उचलते आणि तो तारांवरून घसरवत वाजवते. फॉर्म दिला तर तार तुटल्यावर शेजारी उभंही राहावं लागतं. त्या क्लासमधल्या माणसानं नाव पुकारलं, पण तो शेजारी उभा नव्हता.

दादा : मी उभा राहीन.

हे तो पटकन म्हणाला आणि मग गप्प झाला. खाली रस्त्यावरून रिक्षा पाणी उडवत गेली. आतल्या खोलीत काही आवाज नव्हता.

दादा : तरी मला एक गोष्ट पटत नाही. त्या पोरीची भीती फार गमतीत दाखवलीय. घाबरली की चेहरा वितळतो, अंगाचे तुकडे पडतात, मध्येच मातीचे पुतळे काय, खरी माणसं काय. बघणारा हसतो. आपली पोर विंगेत उभी होती तेव्हा कुणाला हसू आलं होतं?

मी : मलाही आधी तसंच वाटलं. मग लेकीला हसताना पाहिलं. ती त्याच जागी हसते. मी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? म्हणाली, आई, आतून अगदी असंच होतं, कुणाला दाखवता येत नाही. डॉक्टर म्हणतील छातीत धडधड, हाताला घाम, तोंडाला कोरड. ते बाहेरून दिसणारं झालं. या मालिकेनं आतलं दाखवलं. हितोरी कामावर जायला लागू नये म्हणून बर्फाच्या पाण्यात बसते, सर्दी व्हावी म्हणून, आठवतं? आपली लेक त्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ओले केस घेऊन पंख्याखाली झोपली होती. मला त्याचा अर्थ मालिका बघितल्यावर लागला.

दादा : हे तू मला सांगितलं नव्हतंस.

मी : मलाच माहीत नव्हतं. मालिकेचा पहिला भाग जपानात लागला ९ ऑक्टोबर २०२२ला, आणि दुसऱ्याच दिवशी, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी आपल्या सरकारनं टेलि-मानसचा फोन सुरू केला, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय. लेकीनं कधी लावला का, मी विचारत नाही. लागला तर असावा. ठाण्याला मानसिक आरोग्यासाठी आयपीएचसारखी संस्था १९९०पासून आहे, तिथेही जाऊ, लागलं तर. मैत्रीण मिळाली की सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही.

दादा : ती मैत्रीणही नशिबानंच मिळाली ना? निजिका त्या दिवशी त्या बागेत आली नसती तर? खऱ्या आयुष्यात कोण येतं धावत? पनवेल स्टेशनवर लोकलच्या वेळेला बघ, किती मुलं पाठीवर गिटार घेऊन उभी असतात. कुणी विचारतं का कुणाला? आणि ही बाई तर घरापासून दोन तास लांबच्या शाळेत जाते, का, तर जुन्या शाळेतलं कुणी ओळखीचं भेटू नये. पनवेलहून सीएसएमटीला हार्बरनं जातो तेव्हा सव्वा-दीड तासात आपली कंबर मोडते.

मी : नशीब होतंच. पण त्या दिवशी ती कपाटाबाहेर होती आणि गिटार पाठीवर होती. तेवढं तिनं केलं. आणि निजिका काही दया म्हणून आली नव्हती, दादा. तिला गिटारवाली हवी होती. तिची स्वतःची अडचण होती. मला वाटतं म्हणूनच ते टिकलं. कुणाला सुधारायला आलेल्या माणसाशी मैत्री होत नाही.

दादा : (जरा वेळानं) माझाही कीबोर्डवाला गेलाय.

मी : तेच म्हणते. तू तिला बरी करायला म्हणून बोलावतोयस की तुला वाजवणारं माणूस हवंय म्हणून?

दादा काही बोलला नाही. त्यानं बेंजोची पेटी उघडली. जुना आहे बेंजो. बटणांवरचे सूर पुसले गेलेत, दोन बटणांना पांढरी चिकटपट्टी लावलीय. टाइपरायटरसारखी ती बटणं डाव्या हातानं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. लहानपणी मी त्या बटणांवर बाराखडी लिहिल्यासारखी बोटं फिरवायची. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण त्याच्या मांडीवर त्या संध्याकाळी जे वाद्य होतं त्याचं आजोळ जपानच.

मी : तुला माहीत आहे, तुझा बेंजो कुठला आहे?

दादा : भायखळ्याहून घेतला होता.

मी : त्याच्या आधीचं विचारतेय. १९१२ साली जपानात नागोयाच्या गोरो मोरिता नावाच्या माणसानं असं वाद्य बनवलं. तारा आणि टाइपरायटरची बटणं. तेव्हा तिथे ताइशो राजाचं युग सुरू झालं होतं, म्हणून नाव पडलं ताइशोगोतो. कुणालाही घरच्या घरी, गुरूशिवाय, पटकन शिकता यावं म्हणून केलेलं वाद्य. तेच फिरत फिरत आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप लावून आपण त्याचा बेंजो केला. घरात एकट्यानं वाजवायचं वाद्य आपण गाडीवर चढवून हजार माणसांत नेलं.

दादा : (बेंजो उचलून खालून वरून बघत) हे जपानी? तीस वर्षं वाजवतोय, कुणी सांगितलं नाही. रवी जाधवांनी त्याच्यावर सिनेमा काढला होता, २०१६ला, त्यातही नाही सांगितलं.

मी : आणि एक दुसरा मोरिता आहे. शोमा मोरिता. तोक्योचा मानसोपचारतज्ज्ञ. नात्यातला नाही, नुसतं आडनाव सारखं. त्याला स्वतःलाच तरुणपणी चिंतेनं छळलं होतं. अशी चिंता आणि माणसांची भीती वाटणाऱ्यांसाठी त्यानं १९१९च्या सुमारास एक उपचार बसवला. त्यात पहिला आठवडाभर माणसाला एकट्याला पडून राहू द्यायचं. पुस्तक नाही, गप्पा नाहीत. पडून पडून त्याला स्वतःलाच उठावंसं वाटेपर्यंत. मग अंगणातलं हलकं काम, मग जड काम, मग माणसांत. भीती घालवायची नाही. ती आहे तिथे असू द्यायची आणि हातातलं काम करायचं.

दादा : भीती असू द्यायची?

मी : हितोरी बाराव्या भागातही घाबरतेच. पहिल्या भागाइतकीच. तिनं घाबरणं सोडलं असतं तर माझ्या लेकीनं टीव्ही बंद केला असता. पण तेव्हा ती घाबरत घाबरत कामाला जाते. शेवटच्या भागाच्या शेवटी दुसरं काही होत नाही, आजही कामाला जायचंय म्हणून ती घराबाहेर पडते. एवढंच.

दादा : मग वाढ कुठे झाली? तू म्हणतेस वाढली, वाढली.

याच प्रश्नासाठी मी त्याला बारा भाग बघायला लावले होते.

मी : आठवा भाग आठव. बाहेर वादळ, पावसानं लोक आलेले नाहीत. समोर मोजकी माणसं, त्यातलीही काही दुसऱ्या बँडसाठी आलेली. पहिलं गाणं बिघडतं. निजिकाचा ताल घसरतो, किताचा आवाज बसतो. आणि हितोरी काय करते? दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एकटी सुरू होते, सगळ्यांना उचलते. पहिल्या दिवशी तिचं वाजवणं वाईट का झालं होतं, तुला तर कळलंच असेल.

दादा : ते मला पहिल्याच फटक्यात कळलं. ती पुढे पळत होती. एकट्यानं वाजवणाऱ्याचं हेच होतं. कानात स्वतःचंच. ताशेवाला कुठे आहे, ढोलकी कुठे सम धरतेय, बघतच नाही. नवीन पोरगं आलं की आम्ही त्याला सांगतो, तुझं नको ऐकू, त्याचं ऐक.

मी : हेच! १९९५ साली क्लार्क आणि वेल्स नावाच्या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी या भीतीबद्दल हेच मांडलं. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष आत वळतं. मी कशी दिसते, माझा आवाज कापतोय का, हात थरथरतोय ते कळलं का. समोरचा माणूस त्याला दिसतच नाही. समोर लोक नसतात, आरसा असतो. हितोरी आठव्या भागात धीट होत नाही. तिला निजिकाचा घसरलेला ताल ऐकू येतो, दादा. तिचं लक्ष स्वतःवरून उठून मैत्रिणीवर जातं. त्याआधी तिनं किताला बँडमध्ये परत आणलं तेही कशावरून? किताच्या बोटांची टोकं कडक झालीत, म्हणजे ही गुपचूप सराव करतेय, हे तिला दिसलं म्हणून. तुझं नको ऐकू, त्याचं ऐक. तू तुझ्या पोरांना सांगतोस तेच.

दादानं नखी बोटांत धरली आणि सोडली, वाजवलं नाही. बराच वेळ बटणांवरची चिकटपट्टी नखानं सारखी करत बसला. मग बोलला ते माझ्याकडे न बघता.

दादा : मी पहिल्यांदा गाडीवर चढलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो. तुला वाटतं मी जन्मतःच असा आहे. वरात होती, कामोठ्याकडची. गाडी निघाली आणि समोर सगळं गाव नाचतंय. मी वळलो. लोकांकडे पाठ, जनरेटरकडे तोंड. धूर नाकात जात होता. तसंच वाजवलं दोन तास. उस्तादांनी काही म्हटलं नाही. वर म्हणाले, तिकडे तोंड केलंस ते बरं केलंस, ढोलवाला तिकडेच आहे, त्याच्याकडे बघत राहा. तीन लग्नं मी जनरेटरकडे तोंड करून वाजवली. चौथ्याला कधी वळलो ते मला आठवत नाही.

मी : मला हे कधीच सांगितलं नाहीस.

दादा : सांगण्यासारखं काय आहे त्यात. लाज वाटायची.

मी : उस्तादांनी तुला आंब्याचा खोका दिला.

दादा : (हसून) जनरेटर दिला.

मी : खोका कायमचा नको, हे मलाही कळतं. उपचार करणारे सांगतात की अशा कुबड्या धरून ठेवल्या तर भीती तिथेच राहते. हितोरी तरी पुढच्या कार्यक्रमात खोक्यात कुठे बसते? रस्त्यावर वाजवते तेव्हा आधी डोळे मिटलेले असतात, मग एक डोळा उघडते. तिच्याबरोबर वाजवणारी ती दारू पिणारी बाई तिला सांगते की समोरचे लोक तुझे शत्रू नाहीत. पण डोळा उघडायचा तिनं. कधी, ते तिनं ठरवायचं.

दादा : गाडीवर जागा आहे. ऑक्टोपॅडच्या मागे, स्पीकरच्या भिंतीला लागून. बाहेरून दिसत नाही तिथलं माणूस. ताडपत्री असते वर. पण मला दिसतं. मी तिथून सम दाखवू शकतो.

मी : तिला विचार.

दादा : तू विचार.

मी : नाही. मी तिची आई आहे, मी विचारलं की ते ओढणं होईल. तुला गिटारवाली हवीय, तू विचार. नाही म्हणाली तर नाही. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, आणि घुमी म्हणायचं नाही.

दादानं मान हलवली. पण उठला नाही. मला वाटतं तो घाबरला होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हजार माणसांच्या वराती नाचवणारा, सतरा वर्षांच्या भाचीच्या बंद दारावर टकटक करायला घाबरला होता. त्यानं बेंजो मांडीवर सरळ केला आणि हळू, खोलीपुरतं, वाजवायला लागला. कुठलं गाणं असं नव्हतं, हात फिरवत होता. पाऊस थोडा कमी झाला होता, त्यामुळे आवाज आतपर्यंत जात असणार.

पाचेक मिनिटं गेली असतील. माझा फोन वाजला. आतल्या खोलीतून मेसेज होता. मी वाचला आणि दादापुढे धरला. त्याच्याकडे चष्मा नव्हता, म्हणून मग मोठ्यानं वाचून दाखवला.

‘मामाला सांग, त्याच्या बेंजोच्या दोन तारा एका सुरात नाहीत. बाहेरची थोडी उतरलीय.’

दादानं दोन्ही तारा एकेक करून छेडल्या. कान खाली नेला. पुन्हा छेडल्या. मग खिशातून खुंटी पिळायची चावी काढली आणि बाहेरची तार चढवायला लागला, अगदी थोडी थोडी, प्रत्येक पिळ्यानंतर थांबून, बंद दाराकडे बघत.